बर्फातलं कार्ड

मी एक जुना फ्रिज आहे, वय वर्षं एकोणीस. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेले बाकीचे केव्हाच भंगारात गेले. मी अजून उभा आहे, याबद्दल चार लोकांनी पाठ थोपटली असती तर मला आवडलं असतं. पण मित्रांनो, ज्या बाईच्या स्वयंपाकघरात मी उभा आहे तिच्यापुढे माझं कौतुक ते काय करायचं?

मी या घरात आलो तेव्हा माझा थाट बघण्यासारखा होता. शेजारपाजारचे लोक उगाच दार उघडून बघायचे आणि आतला दिवा लागला की खूश व्हायचे. पुढे तो दिवा गेला. दाराचं रबर चिरलं, म्हणून मला बॅगेचा पट्टा बांधला. घरातले बाबा एक दिवस निघून गेले ते गेलेच. मागे राहिली आई, तिची मुलगी, घराचं कर्ज आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी. मुलगी दहा वर्षांची. प्रत्येक गोष्टीत वाद घालते, म्हणून आई तिला वकिलीणबाई म्हणते.

आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. पगाराचा मोठा तुकडा कार्डाचं व्याजच गिळायचं, त्यात घराचे दोन हप्ते चुकले. बँकेचं पत्र आलं. आणखी एक हप्ता चुकला तर घर लिलावात जाईल, असं त्यात लिहिलं होतं. त्या दिवशी आईने एका वाडग्यात पाणी घेतलं, त्यात कार्ड टाकलं आणि वाडगं माझ्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिलं.

"त्यापेक्षा कापून टाक ना," मुलगी म्हणाली.

"आणि उद्या तू आजारी पडलीस तर? जवळ असू दे. पण सहज हाताला लागायला नको."

नियम असा ठरला, की काही घ्यावंसं वाटलं तर वाडगं ओट्यावर काढून ठेवायचं. गरम पाणी ओतायचं नाही, ठोकायचं नाही. बर्फ वितळायला पाच तास लागतात. तेवढ्या वेळानंतरही ती वस्तू हवीच वाटली, तर घ्यायची.

दोन वर्षांत वाडगं सहा वेळा बाहेर निघालं. एकदा बुटांसाठी. मुलगी हनुवटी टेकवून त्याच्यासमोर बसली आणि तासाभराने म्हणाली, "शिवून आणले तर हेच चालतील." वाडगं पुन्हा आत आलं. सहाच्या सहा वेळा ते आत आलं. मित्रांनो, बर्फ करणं हे माझं कामच आहे, त्यात मोठेपणा नाही. पण समोर असलेली हवीशी गोष्ट पाच तास बघत बसायची आणि मग नको म्हणायचं, हे मी थक्क होऊन पाहत असे.

आणि मग घात मीच केला. कार्डाची थकबाकी फिटायला दोनच महिने उरले होते. ऐन उन्हाळ्यात माझा कॉम्प्रेसर बंद पडला. आई कामावरून आली तोवर दूध नासलं होतं आणि वाडग्यातल्या पाण्यात कार्ड मोकळं पडलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुरुस्तीवाल्याने मला मागून-पुढून तपासलं. "ताई, कॉम्प्रेसर गेलाय. याच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. कार्डावर नवा घ्या, संध्याकाळी घरपोच येईल."

"आई, हा अडचणीचाच प्रसंग आहे," वकिलीणबाईंनी बाजू मांडली. "दूध कुठे ठेवणार आपण?"

आईने कार्ड टॉवेलने पुसून ओट्यावर ठेवलं. "बर्फ नसला तरी पाच तास थांबायचं," ती म्हणाली आणि तिने घड्याळ पाहिलं.

त्या वेळात तिने मला आतून धुऊन काढलं. मग कागदावर आकडे मांडले. नव्या फ्रिजचा हप्ता सुरू झाला, तर पुढच्या महिन्यात घराचा हप्ता चुकत होता. तिने तेच आकडे खोडून पुन्हा पुन्हा मांडले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई, मला भंगारात दे, पण तू इतका त्रास करून घेऊ नकोस.

पाच तास झाले. आईने वाडग्यात पुन्हा पाणी भरलं, कार्ड त्यात टाकलं आणि वाडगं शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवून आली. काकूंनी दुधासाठीही जागा करून दिली.

नऊ आठवडे मी बंद होतो. माझ्यात वह्या आणि कांदे-बटाटे ठेवायचे. भंगारवाला दोनदा भाव विचारून गेला. "पैसे जमले की यालाच चालू करणार," असं म्हणून आईने त्याला परत पाठवलं. कार्डाची पै न् पै फिटली. घराचा एकही हप्ता चुकला नाही. मग एके दिवशी तोच दुरुस्तीवाला जुना पण चांगला कॉम्प्रेसर घेऊन आला आणि आईने त्याच्या हातावर रोख पैसे ठेवले.

काल रविवार होता. साडेनऊ वाजून गेले तरी आई उठली नव्हती. इतक्या वर्षांत असं कधीच घडलं नव्हतं. मुलगी दूध घ्यायला आली. पट्ट्याची कडी वाजू नये म्हणून तिने ती मुठीत धरली, आणि माझं दार इतकं हळू लावलं, की ते लागलं हे मलाही कळलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी खूप दिवसांनी गाढ झोपलं असेल. मला पुसू नका, माझा दिवा बदलू नका, काही म्हणणं नाही. फक्त दार हळू लावा.