कापड व्हर्नाकडे, दांड्या डोरीनकडे

व्हर्ना आणि डोरीन यांचा तंबू एकच होता, आणि तो कधीच एका घरात राहिला नाही. कापड व्हर्नाकडे, तळघरातल्या दोरीवर टांगलेलं. दांड्या आणि खुंट्या डोरीनकडे, जिन्याखालच्या कपाटात. चोवीस वर्षांपूर्वी दोघींनी मिळून तो घेतला तेव्हा डोरीननेच ही शक्कल काढली होती. म्हणजे एकीला दुसरीला टाकून जंगलात पळता येणार नाही, असं तिचं म्हणणं. गावातल्या लोकांना हे वेड वाटायचं. व्हर्नाला मात्र त्याचा इतका अभिमान होता, की शाळेची बस चालवताना ती नव्या शिक्षिकांनाही हे ऐकवायची, त्यांनी विचारलेलं नसताना.

दरवर्षी सप्टेंबर संपता संपता, मॅपलची पानं लाल झाली की, दोघी मोठ्या सरोवराकाठच्या राज्य उद्यानात दोन रात्री काढायच्या. मिशिगनच्या या उत्तरेकडच्या टोकाला तेव्हा डास मेलेले असतात आणि बर्फ अजून पडायचं असतं, त्यामुळे आठवडाभरच काय तो बरा मिळतो. तो आठवडा दोघींचा. नवरे, मुलं, नातवंडं कोणी त्यात लुडबुड करायची नाही, हे घरोघरी ठाऊक होतं.

यंदा सेलेस्ट आली.

सेलेस्ट शिकागोहून निवृत्त होऊन सरोवराकाठी घर बांधून राहिली होती. डोरीन ज्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायचं काम करायची तिथे ती दात दाखवायला आली, आणि जाताना डोरीनलाच घेऊन गेली, असं व्हर्ना मनातल्या मनात म्हणायची. आधी दोघींचं मंगळवारचं फिरणं सुरू झालं. मग डोरीनच्या बोलण्यात सेलेस्ट येऊ लागली, सेलेस्ट असं म्हणते, सेलेस्ट तसं करते. ऑगस्टमध्ये डोरीनने फोनवर सांगितलं, की सेलेस्टलाही सप्टेंबरात यायचंय, आणि तिने मला एक फार हलकी वस्तू घ्यायला लावलीय, काय ते तिथे गेल्यावर दाखवीन, आत्ता सांगितलं तर तू हसशील. व्हर्ना बरं म्हणाली आणि फोन ठेवून तासभर स्वयंपाकघराची फरशी घासत बसली. फरशी आदल्या दिवशीच घासलेली होती.

हलकी वस्तू म्हणजे काय, ते व्हर्नाने फरशी घासतानाच ताडलं. सेलेस्टकडे एकटीचा तंबू होता, हे डोरीनच्या बोलण्यात आलेलं होतं. त्याला दांड्याच नव्हत्या. चालताना हातात धरायच्या काठ्या असतात ना, त्याच दोन उभ्या करून वर कापड ताणायचं, की झालं घर. सगळं मिळून छोट्या उशीएवढ्या हिरव्या थैलीत मावायचं. जाताना सेलेस्ट व्हर्नाच्या गाडीतही त्याचंच पुराण सांगत होती. एकटीच्या तंबूत झोप कशी गाढ लागते, दुसऱ्याच्या घोरण्याचा त्रास कसा नाही. डोरीन हसली. घोरायची ती व्हर्ना, हे दोघींनाच ठाऊक होतं. म्हणजे आता ते तिसरीलाही ठाऊक झालं होतं.

उद्यानाच्या वाहनतळावर पोचल्यावर सेलेस्टने खिशातून एक छोटा काटा काढला आणि सगळ्यांच्या सॅक त्याला लटकवून पाहिल्या. तिची सॅक अठरा पौंड भरली. व्हर्नाच्या वडिलांची ॲल्युमिनियमच्या चौकटीची जुनी सॅक बेचाळीस. सेलेस्ट ओरडली नाही, नुसत्या भुवया वर केल्या, आणि ते जास्त लागलं. तिने फार प्रेमाने, नर्स रोग्याशी बोलते तशा सुरात, काय काय गाडीत ठेवता येईल ते विचारलं. लोखंडी तवा, उदाहरणार्थ.

"तवा येणार," व्हर्ना म्हणाली. "डोरीनला त्यावरचीच अंडी लागतात."

"अगं, राहू दे की यंदा," डोरीन म्हणाली. "तुझा गुडघा बघ आधी. सेलेस्टकडे पावडरची अंडी आहेत."

पावडरची अंडी! चोवीस वर्षं जिने त्या तव्यातली अंडी बोटं चाटून खाल्ली, तिच्या तोंडून हे ऐकून व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने तवा सॅकच्या तळाशी आणखी खोल खुपसला.

मग डोरीन आणि सेलेस्ट वनरक्षकाच्या खोलीत परवाना दाखवायला गेल्या. जाता जाता डोरीन म्हणाली, "व्हर्ना, माझी सॅक भरशील गं? मला तुझ्यासारखी नाही भरता येत." हेही दरवर्षीचंच. व्हर्नाच्या हाताला सामान रचायची जात्याच कला होती. डोरीनच्या सॅकेत आपल्या हाताने एकेक वस्तू बसवताना तिला बरं वाटायचं.

गाडीच्या मागच्या फळीवर डोरीनचं सामान पसरलेलं होतं. त्यात ती हिरवी थैली होती. सेलेस्टच्या तंबूची होती अगदी तशीच, त्याच दुकानातली, तोच रंग, तीच दोरी. व्हर्नाने ती दाबून पाहिली. मऊ. आत दांड्या-बिंड्या काही नाहीत. वजन तर इतकं कमी, की ती सॅकेत आहे की नाही हे पाठीला कळणारही नाही.

हा विचार तिच्या मनात आला तेव्हाच तिचा हात हलला होता. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं, उगाच तिची बाजू घेण्यात अर्थ नाही. तिने पुढचं दार उघडलं, थैली चालकाच्या सीटखाली सरकवली, दार लावलं, किल्ली खिशात टाकली. एकटीचा तंबू नसला की झोपेल कुठे? जिथे चोवीस वर्षं झोपली तिथेच. दांड्यांचं गाठोडं तिने डोरीनच्या सॅकच्या बाजूला आपल्या हाताने घट्ट बांधलं.

पायवाटेच्या तोंडाशी लाकडी पेटीत नोंदवही असते. आत कोण गेलं, किती जण, किती तंबू, हे लिहून जायचं. डोरीनने लिहिलं, माणसं तीन, तंबू दोन. व्हर्नाने तिच्या खांद्यावरून ते वाचलं. दोन म्हणजे त्या दोघींचे. आपला जुना तंबू हिने मोजलाच नाही! शांत डोक्याच्या माणसाने हीच बेरीज दुसऱ्या तऱ्हेनेही करून पाहिली असती. व्हर्नाचं डोकं त्या दिवशी शांत नव्हतं.

पाच मैलांची वाट. सेलेस्ट हरणासारखी पुढे, डोरीन तिच्या मागे गप्पा मारत, आणि व्हर्ना बेचाळीस पौंड घेऊन दुखऱ्या गुडघ्यावर शेवटी. दोघी वळणावर थांबायच्या, ती पोचली की पुन्हा निघायच्या, म्हणजे विसावा त्यांना मिळायचा आणि तिला नाही. पुढून हसण्याचा आवाज आला की हसणं आपल्यावरच आहे असं तिला वाटे. एकदा डोरीनने विचारलं, "तुझ्यातलं काही देतेस का मला? माझी सॅक अगदीच हलकी झालीय." व्हर्ना नको म्हणाली आणि दुसरीकडे बघत राहिली.

दिवस कलायला आला तेव्हा त्या किनाऱ्यावरच्या मुक्कामाच्या जागी पोचल्या. सेलेस्टने काठ्या उभ्या केल्या आणि तिचा तंबू तयार झालाही. व्हर्ना दगडावर बसून वाट बघत होती. आता डोरीन सॅक उघडेल, शोधेल, आणि मग आपण मोठ्या मनाने म्हणायचं, जाऊ दे गं, आपला आहे ना. वाक्य तिने वाटेत तीनदा घोकलं होतं.

डोरीनने सॅक उघडलीच नाही. तिने बाजूचं गाठोडं सोडलं, दांड्या खणखणत जमिनीवर ओतल्या आणि एकात एक बसवायला लागली.

"कापड काढ ना," ती म्हणाली. "वारा सुटलाय बघ."

"तू आपल्या तंबूत झोपणार आहेस?"

"मग काय झाडावर?"

व्हर्नाला एक क्षण इतका आनंद झाला की तिने कापड उलटं अंथरलं. दोघींनी ते सुलटं केलं, दांड्या ओवल्या, खुंट्या ठोकल्या. एकीने ओढायचं, दुसरीने सोडायचं, तोंडाने काही सांगावं लागत नव्हतं. सेलेस्ट बघत उभी होती. तिला यात हात घालता येत नव्हता, आणि व्हर्नाने ते डोळे भरून बघून घेतलं. तव्यात अंडी झाली. डोरीनने पावडरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, व्हर्नाने घरून भाजून आणलेला वेलदोड्याचा पाव तव्याला पुसून खाल्ला. सेलेस्टनेही मागून घेतला आणि असा पाव मी जन्मात खाल्ला नाही म्हणाली. मग खाणं अस्वलांच्या तोंडी लागू नये म्हणून तिघींनी मिळून ते उंच खांबावर टांगलं. त्या अर्ध्या तासात सेलेस्ट व्हर्नाला जवळजवळ बरी वाटली. पण थैलीत मग होतं काय, हा प्रश्न मधमाशीसारखा कानाशी गुणगुणत होता.

डोरीन अंथरूण घालायला तंबूत शिरली आणि काही वेळाने बाहेर आली. तिने सॅक जमिनीवर उलटी केली. मोजे, स्वेटर, दिवा, औषधं.

"व्हर्ना, माझी रजई कुठाय?"

"कसली रजई?"

"हिरव्या थैलीत होती. पिसांची. तीच तर तुला दाखवायची होती. एवढी महागाची घेतली म्हणून तू माझी टर उडवशील असं वाटलं, म्हणून बोलले नाही." ती अजून सामान उपसत होती. "जुनी स्लीपिंग बॅग घरीच ठेवली गं मी. सॅक तूच भरलीस ना?"

त्या वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं. "फळीवर जे होतं ते सगळं भरलं," ती म्हणाली.

सरोवरावरून येणारा वारा आताच हाडात शिरत होता, पहाटे पाणी गोठेल असा. व्हर्नाने आपली स्लीपिंग बॅग पुढे केली. मला नको, मला हल्ली रात्री घाम फुटतो, तू घे. डोरीनने ती परत ढकलली. तू काय मग कुडकुडून मरशील का? आणि दोघी मावायला ती बॅग शेंगेसारखी निमुळती, एकीलाच जेमतेम पुरणारी.

"माझी रजई रुंद आहे," सेलेस्ट म्हणाली. "पूर्ण उघडते. डोरीन, तू माझ्याकडे ये. दाटीवाटी होईल, पण थंडी नाही वाजणार."

डोरीनने व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्नाने मान डोलावली. दुसरं करणार काय? स्वतःच्या हाताने तिने डोरीनला त्या तंबूत नेऊन बसवलं होतं, आणि तेही सेलेस्टच्या रजईत.

दोघींच्या तंबूत ती एकटी झोपली. दुसरी बाजू रिकामी होती आणि तिथे तिने घासलेला तवा ठेवला. पलीकडून दोघींचं हसू आलं, कोणाचं तरी कोपर कोणाला तरी लागलं असावं. एक जण घोरायलाही लागली, आणि या वेळी ती व्हर्ना नव्हती. पहाटेपासून पाऊस लागला.

सकाळी डोरीन पाठ धरूनच बाहेर आली. दुसरी रात्र अशी काढणं मला जमायचं नाही, परत जाऊ, ती म्हणाली. पावसात पाच मैल. वाटेत व्हर्नाने दोन वाक्यं जुळवली. डोरीन, थैली मीच ठेवली. मला वाटलं तू मला सोडून वेगळी झोपणार. वाक्यं साधी होती आणि शेवटच्या मैलापर्यंत ती म्हणायचीच असं तिने ठरवलं होतं. शेवटच्या मैलाला ती म्हणाली, मी पुढे होऊन गाडी गरम करून ठेवते, आणि गुडघ्याची पर्वा न करता निघाली.

सीटखालची थैली हातात आली तेव्हा तिला सोपी वाट दिसली. गाडीच्या मागे, चाकाजवळ खडीवर तिने ती ठेवली. काल पडली असेल, कोणाच्या लक्षात आलं नसेल. पाऊस तेवढ्यात थांबला होता.

"अगं, ही बघ!" सेलेस्टलाच ती आधी दिसली. "इथेच पडली होती वाटतं. बिचारी."

डोरीनने थैली उचलली. तळव्याने चोळली. मग तिने तळवा पाहिला, आणि खडी पाहिली. खडीत पाणी साचलेलं होतं. पहाटेपासून पडलेल्या पावसात ती थैली कोरडी ठणठणीत होती, खाली टेकलेली कड तेवढी जरा दमट. डोरीन व्हर्नाकडे वळली नाही. थैली काखेत धरून ती गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. पुढे दरवर्षी तीच बसायची.

गाडीत सेलेस्टच बोलत होती. तिला तिच्या घरी सोडलं. मग पाऊस पुन्हा लागला आणि उरलेला रस्ता गाडीचे वायपर काचेवर फिरत राहिले. ती दोन वाक्यं व्हर्नाने अजून म्हटलेली नव्हती. चौक आला, चर्च आलं, डोरीनचं घर आलं.

डोरीन उतरली, मागून सॅक काढली आणि बाजूचं गाठोडं सोडलं. दांड्या आणि खुंट्या. दरवर्षी ती त्या खांद्यावर टाकून घरात घेऊन जायची. आज तिने व्हर्नाच्या बाजूचं दार उघडलं आणि गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुझ्याकडे असायचं असतं," व्हर्ना म्हणाली.

"वर्षभर सेलेस्ट मागे लागलीय, स्वतःचा तंबू घे म्हणून," डोरीन म्हणाली. "मी म्हणत होते, नको, व्हर्नाला वाईट वाटेल."

"डोरीन, मीच..."

"माहीत आहे गं." आवाज चढलेला नव्हता, चढलेला असता तर बरं झालं असतं. "गुडघ्याला शेक घे घरी गेल्यावर."

ती आत गेली आणि दार लागलं. मांडीवर दांड्या, मागे ओलं कापड. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच व्हर्नाकडे पूर्ण तंबू होता. तिने किल्ली फिरवली आणि गाडी हळूहळू मागे घेतली.