तोंडातल्या टाचण्या

"तोंडात टाचण्या धर पोरी, म्हणजे गिऱ्हाइकाशी वाद होत नाही."

बाबांचा हा आवाज ताईच्या कानात अजून होता. मशीनच्या खडखडाटातून येणारा, जरा दबका, जरा हसरा. बाबा शिंपी होते आणि भारी तापट. तोंड मोकळं असलं की "माप चुकलेलं नाही, तुमचं पोट सुटलंय" असं गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायचे. म्हणून त्यांनी ओठांत टाचण्या धरायला सुरुवात केली, आणि जाताना मशीन, कात्री नि ती सवय लेकीच्या हवाली करून गेले.

ताई मुळातच घुमी. तिला हे फार सोयीचं पडलं. टाचण्या ओठांत, दोरा दाताखाली, गुंड्यांचं पाकीट दातानं फाडायचं, नव्या रिळाचा कागदही दातानंच सोलायचा. गळ्यातली कात्री बिचारी नुसती लोंबकळायची. कुणी काही विचारलं की उत्तर एकच, "हं."

धाकटी बहीण मशीनवर बसायची. तिच्या तोंडाचा पट्टा मशीनच्या पट्ट्याशी शर्यत लावायचा. दुकानातल्या सगळ्या बाह्या ती बसवायची, आणि बसवायची अशी, की बाही खांद्यालाच उगवलीय असं वाटावं. गिऱ्हाईक आरशात बघून म्हणायचं, "वा ताई, काय बाही आहे!" ताई टाचण्यांतून म्हणायची, "हं." शाबासकी तिथंच जिरायची. धाकटी मान खाली घालून पुढची शिवण धरायची.

एका सोमवारी धाकटी म्हणाली, "ताई, नाटक मंडळीच्या कपडेपटातून बोलावणं आलंय मला. गावोगाव हिंडायचं, राजाराण्यांचे अंगरखे शिवायचे. शनिवारी गाडी निघते त्यांची. जाऊ का?"

ताईच्या हातातलं कापड निसटलं. तोंडात टाचण्या होत्या.

"हं," ती म्हणाली.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "बरं तर," म्हणाली, आणि मशीन उगीचच जोरात पळवलं.

त्याच संध्याकाळी एका जाड दोऱ्यानं दावा साधला. ताईनं कचकन चावा घेतला, आणि दोरा राहिला जागेवर, पुढच्या दाताचा टवका मात्र उडाला.

दातांच्या डॉक्टरीणबाई वयस्क आणि गमत्या होत्या. इवलासा आरसा फिरवून म्हणाल्या, "शिंपीकाम ना? ही खाच बघा. दोरा बरोबर बसेल एवढी कोरलीय तुम्ही. अहो, कात्री बोथट झाली तर धार लावून मिळते. दाताचं कवच झिजलं की पुन्हा उगवत नाही."

"मी कधीची सांगतेय!" धाकटी बाजूनं फुशारली.

"तुम्ही हसू नका, तुम्हीही आ करा. हं... बर्फ चावता ना कडाकडा? आणि मशीनशेजारी सरबताचा पेला, दिवसभर घोट-घोट?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दात चहाडखोर असतात. सतत आंबटगोड लागलं की त्यांना उसंत मिळत नाही. सरबत जेवणाबरोबर प्या, वर पाणी प्या. बर्फ पेल्यातच विरघळू द्या."

धाकटीचं तोंड आपोआप मिटलं. ताईला इतकं हसू आलं, की फुटका दात हातानं झाकायचंही ती विसरली.

"पण सवय जायची कशी हो?" तिनं विचारलं.

"नुसती सोडा म्हणून सुटत नाही. तिच्या जागी दुसरं काही द्यावं लागतं. टाचण्यांना मनगटावर उशी द्या, हाताला कात्री द्या. ओठ शिवशिवले तर गुणगुणा." टवका त्यांनी बेमालूम भरून दिला आणि बजावलं, "पुन्हा चावलंत तर हाही निघेल."

रात्री धाकटीनं मखमलीच्या चिंधीची उशी शिवली, भुसा भरला, ताईच्या मनगटावर बांधली. दुसऱ्या दिवसापासून दुकानात नवाच खेळ सुरू झाला. ताईचा हात ओठांकडे वळला, की मशीनवरून हाक यायची, "ताई, दात!" पेल्यात बर्फ वाजला, की ताई ओरडायची, "बर्फ गं, बर्फ!" रिकाम्या तोंडाला काही सुचेना, तेव्हा ताई गुणगुणू लागली,

सुईबाई सुई, चाल हळूहळू,
दातांना गं माझ्या नको आता छळू.

धाकटीनं न बघताच पुढची ओळ जोडली,

उशी मखमली, मनगटी बांधली,
ओठांवरली गोष्ट कुठे गं सांडली?

ताईची नजर कोपऱ्यातल्या पेटीकडे गेली. पेटीत धाकटीचे कपडे भरले जात होते. टाचण्या नव्हत्या, तरी गोष्ट काही ओठांवर येत नव्हती.

शुक्रवारी शाळेच्या मुख्याध्यापिका कोटाचं माप बघायला आल्या. एक बाही बसलेली, दुसरी बसायची होती. त्यांनी हात वर केला, खाली केला, फळ्यावर लिहिल्यासारखा फिरवला.

"ताई, कुठं म्हणजे कुठं ओढत नाही हो! हात आहे का जादू तुमचा?"

ताईनं उशीवरची टाचणी उपसली. हात सवयीनं ओठांकडे निघाला. मशीन थांबलं होतं, पण "ताई, दात!" अशी हाक आली नाही. धाकटी नुसती बघत होती.

टाचणी ओठांशी पोचली. ताईनं ती वळवली आणि उशीत खचकन परत खोचली.

"बाई, ही बाही माझी नाही," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला, की तीच दचकली. "या दुकानातली एकही बाही माझी नाही. सगळ्या हिच्या. बाबांनाही अशी कधी जमली नाही."

मुख्याध्यापिका एका बाहीच्या कोटात तशाच उभ्या राहिल्या. ताई मशीनकडे वळली.

"आणि सोमवारी तू विचारलंस ना, जाऊ का म्हणून? तो हुंकार टाचण्यांचा होता गं. माझं म्हणणं तोंडातच राहिलं. तुला जायचंच असेल तर अडवणार नाही मी. पण जाऊ नकोस. तुझ्याशिवाय मला करमायचं नाही."