एग्लांतीन पाराडीचा मुलगा

ओव्हिलामामा १९३६ च्या मार्चमध्ये घरातून गेला. वय एकोणीस. शेत थोरल्या भावाच्या नावे झालं, त्यावरून त्याचं वडिलांशी वाजलं. "पोचलो की पत्र टाकतो," असं धाकट्या बहिणीला, क्लोरिंदला, सांगून तो निघाला. पत्र आलं नाही.

क्लोरिंदमावशी आता सत्याहत्तर वर्षांची आहे. मी वर्तमानपत्रातून निवृत्त झालो त्याच आठवड्यात तिने मला बोलावून घेतलं.

"फर्नां, आता तुला काही काम नाही. माझा भाऊ शोधून दे."

"मावशी, तो ब्याऐंशीचा असेल."

"मला वजाबाकी येते. जिवंत माणसासाठी एक प्रार्थना असते, मेलेल्यासाठी दुसरी. त्रेसष्ट वर्षं मी दोन्ही म्हणतेय. दमले रे."

तो हिवाळा मी रिमुस्की शहराच्या दफ्तरखान्यात काढला. गावोगावच्या चर्चमधल्या लग्नांच्या छापील याद्या तिथे आहेत. त्यांत मी लाव्हिगर आडनाव शोधत होतो. जोसेफ ओव्हिला लाव्हिगर तीन सापडले. आमच्याकडे मुलगा म्हटला की बाप्तिस्म्याला जोसेफ लागतोच. तिघांपैकी आमचा एकही नव्हता.

मावशी धिरडी घालत होती तेव्हा मी तिला हे सांगितलं.

"शोधतोयस कुणाच्या नावानं?"

"लाव्हिगर. दुसरं कुठलं?"

"बापाशी भांडून गेलेला पोरगा बापाचं नाव मिरवेल? चाळीस वर्षं बातम्या लिहिल्यास ना तू?"

"मग काय करू?"

"आईशी नव्हतं त्याचं भांडण."

आमच्या बायका माहेरचं नाव चर्चच्या वहीत मरेपर्यंत लावतात. मुलाच्या लग्नाच्या नोंदीतही आई तिच्याच आडनावाने येते. आजी एग्लांतीन पाराडी होती. मी याद्या पुन्हा पहिल्या पानापासून घेतल्या, या वेळी फक्त आयांची नावं वाचत.

एकविसाव्या दिवशी ती सापडली. फेब्रुवारी १९४३, नदीपलीकडचं बे-कोमो गाव. नवरदेव जोसेफ ओव्हिला मार्कू, तेलेस्फोर मार्कू आणि एग्लांतीन पाराडी यांचा मुलगा. वधू रोझ-देलिमा गांगनों.

जुने कागद काढले तेव्हा उलगडा झाला. आजोळचा मूळ पुरुष फ्रान्सहून आलेला शिपाई. घराणं मार्कू, पलटणीत पडलेलं नाव लाव्हिगर. चार पिढ्या 'मार्कू उर्फ लाव्हिगर' असंच लिहीत होत्या. पुढे आजोबांनी, म्हणजे तेलेस्फोरनी, शेवटचं तेवढं ठेवलं. मामाने जाताना त्यांनी टाकलेलं उचललं आणि लग्नात ते वडिलांनाही लावलं.

मृत्यूची नोंद शोधायला वेळ लागला नाही. ऑक्टोबर १९८७, चार ओळींची जाहिरात, आमच्याच वर्तमानपत्रात. ते पान तेव्हा माझ्याकडे होतं. ओव्हिला मार्कू, वय सत्तर. मी ते वाचून छापायला सोडलं होतं.

मावशीला सगळं सांगितलं, हेसुद्धा. ती म्हणाली, "बायको आहे का?"

होती. मी फोन लावून दिला आणि शेजारी बसलो. पलीकडचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता.

"क्लोरिंद? कोण क्लोरिंद? ते तर म्हणायचे, घरचं कुणी उरलं नाही."

मावशीने डोळे मिटले. मी फोन घ्यायला हात पुढे केला, तिने तो बाजूला सारला.

"रागात होता तो," ती म्हणाली. "मी त्याची बहीण. वहिनी, एक सांगा, धिरड्यांवर तो काय घ्यायचा?"

"काकवी. मी मेपलचा पाक करायची, तर तोंड वाकडं करायचे."

"आणि बशी?"

"बशी चाटायचे हो! पोरांसमोर! सत्तराव्या वर्षी!"

मावशी हसली, आणि मग रडली.

"वहिनी," नाक पुसत मावशी म्हणाली, "फोन ठेवू नका. मला खुर्ची ओढून घेऊ दे."