पुढचं डावं चाक

गाडीचे ब्रेक कधी बदलावे, हे दिग्रसात भगवानराव मिस्त्रीइतकं कोणाला कळत नव्हतं. आणि ही गोष्ट त्याच्याच हातून झाली, म्हणून सांगायची लाज वाटते. पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

माणूस कुणब्याचा. तरणा असताना शेती भावाच्या हवाली करून नागपूरला गेला, लढाईच्या दिवसांत लष्करी गाड्यांखाली पाठ घासून काम शिकला आणि परत येऊन कापसाच्या जिनाच्या रस्त्यावर टिनाच्या शेडात बसला. कान असा तयार, की गाडी शेडात शिरायच्या आधीच तिचं दुखणं सांगायचा. पेडल खोल जायला लागलं की म्हणे, आता बघून घ्या. ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढली की म्हणे, आजच्या आज सोडा. चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, की मग तो बोलतच नसे, सरळ गाडीची किल्ली काढून खिशात घाली. चाकाच्या ड्रमात दोन वाकड्या कमानी असतात, त्यांच्यावर जाड पट्टा रिबिटांनी ठोकलेला असतो, त्याला लायनर म्हणतात. लायनर झिजून गेलं की उघड्या पडलेल्या रिबिटा ड्रमला खरवडतात आणि गाडी किंचाळते. मिस्त्रीचा एक नेम होता. बदलायचं तर दोन्ही अंगांचं जोडीनं. एका चाकाला नवं आणि एकाला जुनं, असलं काम त्याच्या शेडात होत नसे. त्यापायी त्यानं भली भली गिऱ्हाइकं हाकलून लावली होती.

एकसष्ट सालच्या कापसाच्या हंगामात हिरासिंग त्याच्याकडे गाडी घेऊन आला. हिरासिंग म्हणजे दारव्ह्याच्या रस्त्यावर नाल्यापलीकडच्या तांड्यावरचा बंजारा, एका कापूसवाल्या शेठजींच्या मोटारीवर डायवर. रोज सकाळी शेठजींना घेऊन बोरी अरब, दारव्हा करायचा आणि दिवस मावळायच्या आधी गाडी दिग्रसला आणायचा. मग ती शेठजींच्या अंगणात लावून सायकलीनं घरी जायचा. गाडी किंचाळत आली तशी मिस्त्रीनं किल्ली खिशात घातली, दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि चारी चाकांना दुसऱ्या कमानी घालून लायनर नवे करून दिले. मधल्या रिबिटा आधी, कडेच्या मागून, एकेक ठोकून. गाडी अशी मुकाट थांबू लागली, की शेठजींनी स्वतः येऊन शाबासकी दिली.

आठ दिवसांनी हिरासिंग एकटाच आला आणि कोपऱ्यात टाकलेले जुने ब्रेक पाहत उभा राहिला. म्हणाला, एका चाकाले जुनेच परत बसवून द्या.

मिस्त्रीला वाटलं, पोरगा थट्टा करतो. पण हिरासिंगचं तोंड उतरलेलं होतं. त्यानं सांगितलं ते असं. त्याची याडी, म्हणजे आई, मोतीबाई, दोन्ही डोळ्यांनी आंधळी झाली होती. मोतीबिंदू पिकला होता आणि होळीनंतर यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात कापायचा ठरला होता. म्हातारी लदेणीच्या काळातली. बैलांवर मीठ-धान्य लादून तिच्या सासरची माणसं मुलूखभर हिंडायची आणि परतीला म्होरक्या बैलाच्या गळ्यातली घंटा दुरून ऐकू आली, की तांड्यातल्या बाया चुली पेटवायच्या. घंटा ओळखू येत असे. कोणाची कुठली, हे बायांना पाठ असे. बैल गेले, लदेणी गेली, पण म्हातारीचे कान राहिले. तांड्याखालच्या उतारावर गाडीचा ब्रेक किंचाळला, की ती सुनेला म्हणायची, जमनी, तवा ठेव, हिरा आला. काही महिने असं चाललेलं. आणि आता आठ दिवस आवाज नाही. हॉर्न तर त्या वळणावर सगळेच वाजवतात, सरकारी मोटारी वाजवतात, ट्रका वाजवतात. म्हातारी रोज सांजेला काट्याच्या कुंपणाशी जाऊन बसते, पोरगा प्रत्यक्ष येऊन हाताला हात लावेपर्यंत पाणीसुद्धा पीत नाही.

मिस्त्रीनं त्याला झाडलं. अरे बाप्पा, किंचाळणं म्हणजे काय गाडीचं गाणं आहे? ते दुखणं आहे. हिरासिंग मुकाट गेला. चार दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा झाडून घेतलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, एक डाव घरी येऊन पाहून जा, मग नाही म्हणा.

मिस्त्रीनं जायलाच नको होतं, असं मी आजही म्हणतो. पण गेला. म्हातारी कुंपणाशी बसलेली, अंगावर आरशांची जुनी चोळी, मान रस्त्याकडे वळवलेली. मिस्त्रीचा पाय वाजला तसा तिनं विचारलं, हिरा? मिस्त्री आहे म्हटल्यावर तिनं त्याचा हात धरला, बोटं चाचपली आणि एवढंच म्हणाली, की तू आवाज नेला म्हणतात, तो परत दे बाबा, मले दिसत नाही, मी कायच्यावर जगू. भगवानरावाची आई तो नागपुरात असताना गेली होती. शेवटपर्यंत त्याची वाट पाहत गेली, असं भाऊ सांगायचा. मिस्त्री हो म्हणून बसला, आणि तिथेच सगळी माती झाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुढच्या डाव्या चाकाचे नवे ब्रेक काढले आणि जुने झिजलेले बसवले. हातानं बसवले, पण मनात हिशेब केला. उजवं नवं जोरात धरणार, डावं जुनं घसरणार, गाडी उजवीकडे ओढणार. म्हणून उजव्या चाकाचा ब्रेक त्यानं अंदाजानं ढिला केला, दोन्ही बाजू सारख्या धरतील एवढा. गाडी रस्त्यावर काढून पाहिली. सरळ थांबली, आणि किंचाळली. स्वतःवर खूश झाला तो, हेही सांगायला पाहिजे. एवढ्या वर्षांचा नेम मोडला, पण कसब दाखवून मोडला, असं त्याला वाटलं. हिरासिंगला त्यानं बजावलं, की नवं लायनर रोज थोडं थोडं बसत जाऊन जास्त धरील, दर आठ दिवसांनी आणून दाखव, आणि म्हातारीचे डोळे झाले, की त्याच दिवशी मी हे काढणार. हिरासिंगनं त्याच्या पायाला हात लावला. म्हातारीनं फडक्यात बांधून तुरीच्या शेंगा पाठवल्या.

हिरासिंग शब्दाचा पक्का. एका सोमवारी आला, मिस्त्रीनं उजवं चाक जमवून दिलं. दुसऱ्या सोमवारी आला, जमवून दिलं. तिसऱ्या सोमवारी तो आला तेव्हा मिस्त्री एका ट्रकच्या गिअरबॉक्सखाली आडवा पडला होता, हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये, आणि जिनवाला डोक्यावर उभा. हिरासिंग म्हणाला, गाडी जराशी ओढून राह्यली. मिस्त्रीनं खालूनच सांगितलं, उद्या ये.

मंगळवारी शेठजी दारव्ह्याला मुक्कामी राहिले आणि हिरासिंग एकटाच गाडी घेऊन निघाला. दिवस अजून बराच वर होता. तांड्याखालच्या उतारावर नाल्याच्या अंगानं कापसाची एक बैलगाडी एकदम वर रस्त्यावर चढली. हिरासिंगनं पूर्ण ताकदीनं ब्रेक मारला. रोज हळू हळू मारलेला ब्रेक वेगळा आणि जीव वाचवायला मारलेला वेगळा. उजव्या चाकानं धरलं, डाव्यानं धरलं नाही, गाडी फिरली आणि नाल्यावरच्या रपट्याच्या, म्हणजे ठेंगण्या पुलाच्या, उजव्या कडेवरून खाली दगडांत गेली. बैलांना खरचटलंसुद्धा नाही.

त्या वेळी वर तांड्यात मोतीबाईनं ब्रेकचा आवाज ऐकला. रोजच्यापेक्षा लांबलेला होता, पण तोच होता. आज लवकर आला, म्हणून ती हसली आणि जमनीला म्हणाली, तवा ठेव. जमनीनं पीठ मळायला घेतलं. तिचे हात पिठातच होते, तेव्हा बैलगाडीवाला धापा टाकत चढण चढून आला.

पोलीस आले, पंचनामा झाला. बैलगाडी आडवी आली, असं बैलगाडीवाल्यानंच रडत रडत लिहून दिलं. ब्रेकचं कोणी विचारलं नाही. मोडकी गाडी शेठजींनी मिस्त्रीच्याच शेडात आणून टाकली आणि म्हणाले, नशीब, दुसरं काय. मिस्त्रीनं ते डावं चाक सोडलं, जुने ब्रेक काढले आणि हातात धरून बसला. कोणाला काही कळणार नव्हतं. त्याला जेवण जाईना. बायको म्हणाली, तुमचं काय गेलं, त्याचं गेलं ते गेलं. तर तो तिच्यावर ओरडला, आणि मग भिंतीकडे तोंड करून रडला.

तेराव्याच्या आदल्या दिवशी तो तांड्यावर गेला. वाटभर त्याचं एकच चाललं होतं. सांगावं, तर म्हातारीला कळणार, की तिच्या कानांसाठी पोरगा गेला, आणि ती जिवंतपणी मरणार. न सांगावं, तर आपण ह्या घरचं पाणी कोणत्या तोंडानं प्यावं? तांडा येईपर्यंत त्यानं ठरवलं, की सांगायचं नाही. पाप आपल्यापाशीच राहू द्यायचं. एवढं तरी तिच्यासाठी करू, असं त्याला वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

मोतीबाई आज कुंपणाशी नव्हती, आत खाटेवर होती. जमनीनं पाण्याचा लोटा आणून ठेवला आणि दाराशी बसली. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. मिस्त्री काही बोलायच्या आत म्हातारीनंच विचारलं.

"मिस्त्री, खरं सांग. त्या आवाजापायी गेला का माहा हिरा?"

मिस्त्रीनं दाराकडे पाहिलं. जमनी त्याच्याकडे पाहत होती. तिला माहीत होतं, हे त्याला तिच्या पाहण्यावरून कळलं. हिरासिंगनं तिला सगळं सांगितलेलं असणार. ती मान हलवून नको म्हणाली असती, तर तो खोटं बोलला असता. पण ती नुसती पाहत राहिली.

"हो माय," तो म्हणाला. "एका चाकाले जुनं ठेवलं. तसं ठेवत नसतात. मले माहीत होतं. आदल्या दिवशी तो दाखवाले आलता, मी उद्या ये म्हटलं."

म्हातारी रडली नाही. छाती बडवली नाही. मिस्त्रीला वाटत होतं, आता ती स्वतःला शिव्या घालील, मीच खाल्लं पोराला म्हणील, आणि आपण तिला धरू, नाही माय म्हणू, तुमचं काही चुकलं नाही म्हणू. तेवढ्याची तयारी त्यानं मनात करून ठेवली होती. तिनं हात पुढे केला, त्याचा हात शोधला आणि त्या दिवशीसारखीच त्याची बोटं चाचपली.

"मी आंधळी बाई," ती म्हणाली. "मी काहीबी मागीन. मी तं चंद्र मागतला असता. तुले दिसत होतं ना मिस्त्री? मंग तू मले देलं काहून?"

म्हातारीनं हात सोडला नाही. तिला खरंच उत्तर पाहिजे होतं, ती त्याच्याकडे कान लावून बसली होती. शेवटी जमनी उठली, तिनं सासूची बोटं एकेक करून सोडवली आणि मिस्त्रीला म्हणाली, भाऊ, आता तुम्ही जा.