चिंधीवाला टोप, नंबर एक

मित्रांनो, मला ओळखायचं असेल तर आधी माझ्या कड्या बघा. बाकीच्यांना दोन आहेत, मला एकच. उमेळ्याला हरिभाऊ राऊतांचं मंडपाच्या सामानाचं आणि भांड्यांचं गोदाम आहे. तिथे दार उघडल्याबरोबर डाव्या हाताला मी बसलेला दिसेन. मी एक जुना, जर्मनचा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, साठ लिटरचा टोप. थोडा मानी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

हरिभाऊंनी धंदा सुरू केला तेव्हा वाडीतली केळी विकून जे आले त्यातून सगळ्यात आधी मला घेतलं. माझ्यानंतर पराती आल्या, कढया आल्या, मग खुर्च्या, मग मंडपाचे खांब. आज गोदामात साडेतीनशे भांडी आहेत आणि खुर्च्या तर विचारू नका. पण पहिला मी. दहाबारा वर्षं मी लग्नामागून लग्नं गाजवली. माझ्यातला रस्सा कमी पडला असं एकदाही झालं नाही. स्वयंपाकाला येणारी जीनामावशी टेम्पोतून भांडी उतरली की आधी मलाच शोधायची, आणि मी मनातल्या मनात फुगून जायचो.

मग एका लग्नात माझी डावी कडी निसटली. मी उकळत्या डाळीने काठोकाठ भरलेला होतो. मला उचलणाऱ्यांमध्ये मंदाताई होती. ती आमच्या गोदामाची सगळी व्यवस्था बघते. डाळ तिच्या उजव्या पायावर सांडली. महिनाभर ती घरी होती. तिच्या पावलावर अजून डाग आहे, आणि ती केर काढायला वाकली की तो मला दिसतो. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

हरिभाऊंनी कडी दोनदा बसवून घेतली. दुसऱ्या वेळी कारागीर म्हणाला की इथला पत्राच झिजलाय, दहा वेळा बसवली तरी दहा वेळा निघेल. मला भंगारात द्यायचं ठरत होतं. मंदाताईनेच अडवलं. तिने जुन्या पिवळ्या लुगड्याची पट्टी फाडून माझ्या डाव्या कडीला बांधली आणि स्वयंपाकाच्या सगळ्या माणसांना सांगितलं की पिवळी चिंधी दिसली की चुलीवर चढवायचं नाही, नुसतं पाणी भरायचं. तेव्हापासून मी चिंधीवाला टोप झालो. जीनामावशी मला बाजूला सारायची. पाण्याचं काम वाईट नसतं, पण एकदा रस्सा शिजवलेल्याला पाणी सांभाळायला लावलं की जीव थोडा खट्टू होतोच.

मंदाताईच्या अशा खुणा गोदामभर होत्या. कुठे काळा दोरा, कुठे चुन्याचा ठिपका, कुठे झाकणाला गाठ. त्यांचा अर्थ तिच्या डोक्यात होता, आणि कुठलं सामान कुणाच्या घरी गेलंय ते तिच्या वहीत.

मागच्या वर्षी एक गडबड झाली. एकाच दिवशी दोन घरांना त्याच दोनशे खुर्च्या कबूल केल्या गेल्या. एका मांडवात पाहुणे उभे राहिले आणि हरिभाऊ हात जोडत फिरले. हरिभाऊंचे गुडघे आता दुखतात, म्हणून धंदा त्यांची मुलगी स्वप्ना बघते, पण या खुणांशी तिचा कधी संबंध आला नव्हता. तिने त्या दिवशी ठरवलं की सगळा कारभार फोनवर आणायचा. बुकिंग, माल बाहेर जाणं, परत येणं, सगळं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर घेऊन मर्विन नावाचा तरुण आला.

मित्रांनो, मला भारी कुतूहल. हा फोन आम्हाला ओळखणार कसा? त्याला नाक नाही, हात नाही. मर्विनने दाखवलं की प्रत्येक भांड्यावर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोनी कागद चिकटवायचा आणि फोन त्याच्यासमोर धरायचा, की भांड्याचं नाव येतं.

सॉफ्टवेअर आणायचं हे सगळ्यांना पटलं होतं. वाद झाला तो कसं आणायचं यावर, आणि तो माझ्यासमोरच झाला. मर्विनचं म्हणणं होतं की आधी एकाच प्रकारची वस्तू घ्या, काही आठवडे वही आणि फोन दोन्ही चालू ठेवा. स्वप्नाला ते नको होतं. अर्धं वहीत आणि अर्धं फोनात ठेवलं तर दोन्हीकडे चुका होतील, पुन्हा दुप्पट काम, असं ती म्हणत होती. तिचंही खोटं नव्हतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात ख्रिस्ती घरांत लग्नं नसतात, गोदाम जरा शांत असतं. तेवढ्यात सगळी तयारी करायची आणि ईस्टरनंतरच्या सोमवारी वही कपाटात बंद करून टाकायची, असं तिने ठरवलं.

हरिभाऊ घरून फोनवर एवढंच म्हणाले की मंदा येऊ दे, मग कर. मंदाताई तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी सफाळ्याला गेली होती. तिला आल्यावर शिकवू, असं स्वप्नाने सांगितलं.

कागद चिकटायला भांडी स्वच्छ हवीत. म्हणून चार बायका लावून सगळी भांडी लखलखीत घासली. घासताना दोरे निघाले, ठिपके पुसले गेले, गाठी सुटल्या. माझी पिवळी चिंधीही कुणीतरी सोडली आणि कचऱ्याच्या गोणीत टाकली.

आता खरं सांगतो. मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी मी पुन्हा इतरांसारखा दिसत होतो. स्वप्नाने पहिला कागद मलाच लावला आणि फोनात नोंद आली, ‘टोप, साठ लिटर, स्वयंपाक, नंबर एक’. नंबर एक! कडीचं काय, असं एकदा मनात आलं. पण मी तो विचार ढकलून दिला.

सोमवारी सकाळी गोखिवऱ्याच्या हॉलवर ब्रेंडा नावाच्या मुलीच्या लग्नाचा माल जायचा होता. फोनने बारा टोप निवडले, त्यात मी पहिला. टेम्पो निघाला तेव्हा मंदाताई सफाळ्याहून अजून आली नव्हती.

जीनामावशीने मला बघून जरा डोळे बारीक केले. तिने दोन्ही कड्यांवरून हात फिरवला, चिंधी आहे का ते पाहिलं. नव्हती. मग तिने मला चुलीवर ठेवलं. खाली जाळ लागला आणि माझ्यात रस्सा रटरटू लागला. जुना वास, जुनी धग. मी किती सुखात होतो ते कसं सांगू? पण तासाभराने डाव्या कडीपाशी काहीतरी सैल होताना मला जाणवलं, आणि मग मात्र मी घाबरलो. ओरडायला मला तोंड नाही.

मला उतरवायची वेळ आली. एक माणूस कमी पडत होता, म्हणून स्वप्नाच पुढे आली. तिचा फोन वाजत होता. त्याच फोनवर ती परातींची नोंद करत होती, म्हणून तिने दोनदा फोन कापला होता. जाड फडकं घेऊन तिने माझ्या डाव्या कडीला हात घातला. फोन तिसऱ्यांदा वाजला. वैतागून तिने फडकं खाली ठेवलं आणि फोन कानाला लावला.

पलीकडे मंदाताई होती. दुपारी गोदामात येऊन ती पिण्याचं पाणी भरून ठेवायला मला शोधत होती. मी सापडलो नाही, आणि गोणीत तिला चिंध्यांचा ढीग दिसला.

“चिंधीवाला टोप कुटं हाय, आपला सगल्यात पयला?” तिने विचारलं.

“कुठला चिंधीवाला?” स्वप्ना म्हणाली. “नंबर एकचा इथे आहे. रस्सा झालाय, उतरवतोय.”

मग मंदाताई अगदी हळू बोलली.

“बाय, त्याला हात लावू नको. कोनालाच लावू देऊ नको. जाळ काढ आनि रस्सा डावानं दुसऱ्या टोपात घे.”

स्वप्नाने का म्हणून विचारलं नाही. ती आवाजावरून समजली. जाळ ओढला, रस्सा डावाडावाने काढला. त्यात अर्धा तास गेला, जेवण थोडं उशिरा वाढलं गेलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी रिकामा होऊन थंड झालो तेव्हा स्वप्नाने माझी डावी कडी धरून मला नुसतं सरकवायला पाहिलं. कडी तिच्या हातात आली. ती कितीतरी वेळ तशीच कडीकडे बघत उभी होती. जीनामावशी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला बाजूला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी स्वप्ना गोणी घेऊन मंदाताईसमोर खाली बसली. एकेक चिंधी, एकेक दोरा काढून ती विचारत होती आणि मंदाताई सांगत होती. काळा दोरा मासळीच्या भांड्यांना, ती शाकाहारी घरी पाठवायची नाहीत. झाकणाला गाठ म्हणजे ते घट्ट बसतं, चुलीवर असताना लावायचं नाही. काही खुणा मंदाताईलाही आठवल्या नाहीत, तेव्हा ती भांड्यापाशी जाऊन हात लावून सांगत होती. संध्याकाळ झाली तरी गोणी संपली नव्हती.

मग मर्विनला बोलावलं. वही कपाटातून बाहेर आली. आता ठरलं ते असं की फोनात आधी फक्त खुर्च्या जातील, कारण एक खुर्ची दुसरीसारखीच असते. भांडी सगळ्यात शेवटी, तीही मंदाताईला शेजारी बसवून. पावसाळ्यापर्यंत वही आणि फोन दोन्ही चालतील, आणि दोघांचं जुळलं नाही तर गोदामात येऊन वस्तू बघायची. दुप्पट काम होणार हे स्वप्नाने स्वतःच मान्य केलं. मर्विनने फोनात प्रत्येक वस्तूसाठी एक रिकामी जागा वाढवली, मंदाताई सांगेल ते लिहायला. मला भंगारात टाकतील अशी भीती वाटत होती. तसं कुणी म्हणालं नाही.

शेवटी स्वप्ना ती पिवळी चिंधी घेऊन माझ्याजवळ आली आणि मंदाताईपुढे धरली.

“तूच बांध,” मंदाताई म्हणाली. “आनि का बांधली ते फोनात लिव. मी काय जल्मभर ऱ्हानार हाय?”

स्वप्नाने उरलेल्या कडीला चिंधी बांधली, मग फोन काढून खूप वेळ लिहीत बसली. काय लिहिलं ते मला वाचता येत नाही. पण लिहिताना ती मधून मधून मंदाताईच्या पावलाकडे बघत होती.

मित्रांनो, मी आता पुन्हा पाण्याचा टोप आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. नवं जरूर आणा. मला तर तो ठिपक्यांचा कागद अजूनही फार आवडतो. पण जुन्या वस्तूवर एखादी गाठ, दोरा, चिंधी दिसली तर ती सोडायच्या आधी कुणी बांधली ते शोधा आणि त्या माणसाला विचारा. माझी चिंधी घासताना भिजली तरी चालेल, फक्त सोडू नका.