वरवंट्याची आई

माजं बोलनं घरात कुनी खरं धरत न्हाई. पूर आला तवा मी म्हशीच्या पाठीवर बसून गंगाखेडाहून दळन दळून आनलं, आसं मीच सांगत फिरते. मग लोकाला तरी काय म्हनावं? पन पनतीच्या बारशाला ह्याच खोडीपायी माज्यावर बिलामत आली.

नातसून अर्पितानं पोरीसाठी नाव काढलं, रिया. माजा ल्योक दिनकर पंचांग घिऊन बसला व्हता. म्हन्ला, "ह्येचा अर्थ काय?"

तिनं मोबाईलात बघितलं. "वाहनारी, आसं देलंय, मामंजी. ग्रीस देशाची जुनी देवी हाय."

"वाहनारी? पोरगी हाय का कॅनॉल? अक्षर 'क' निघालंय. काशी ठिवा."

अर्पितानं मोबाईल खाली ठिवला. ह्या पोरीच्या आदीची तिची दोन लेकरं पोटातच गेली. घरात त्येंचं नाव कुनी काडत न्हाई.

दुपारी ती पोरीला पाजायली व्हती. मी जवळ जाऊन बसले. "त्या देवीचं काय झालं, सांग की मला."

"आजी, तिचा नवरा लेकरं गिळायचा. पाच गिळली. सहाव्याला तिनं दगूड कापडात गुंडाळून तेच्या हातात देला. तेनं दगूड गिळला. लेकरू जगलं."

मला माजी माय आटवली. माज्या मायची चार गेली, म्हनून माजं नाव कडू ठिवलं. कडूला मरन तोंड लावत न्हाई म्हनं. गावापुढं कडू म्हनायची, कानात साखर.

सांच्याला बाया जमल्या. वरवंट्याला टोपडं-कुंची घातली आन् पाळन्याखालून-वरून फिरवू लागल्या, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. दिनकर दारात हुबा. मी म्हन्लं, "ह्यो वरवंटा कशापायी फिरवतेत, ठाऊक हाय का?"

"सांगा कडूमाय, आज कोनती थाप?"

मी त्या देवीचं सगळं खरं खरं सांगितलं. पदरचं येक अक्षर घातलं न्हाई.

बाया हसून लोळल्या. "लेकरं गिळतो, आन् दगूड दाताला लागंना व्हय तेला?"

दिनकर बी हसला. "माय, आज तरी खरं बोल."

मग बोलले. "राणीसावरगावाला माजी पनजी व्हती, रियाबाई. सटवी तिचं लेकरू न्यायला आली, तर हिनं पाळन्यात वरवंटा निजिवला. सटवीनं त्योच नेऊन गिळला. आजून पोट धरून हिंडायलीय."

कुनी हसलं न्हाई. येकीनं पदर तोंडाला लावला. दिनकर म्हन्ला, "घरातलंच नाव हाय तर आदी का न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलं का?"

आत्यानं, राजेश्रीनं, पोरीच्या कानात रिया म्हनून कुर्र केलं.

अर्पिता खाली मान घालून बसली व्हती. कुंचीतला वरवंटा तिनं मांडीवर घेतला व्हता, हात फिरवायली व्हती. बाया मागायल्या, पन ती देईना. राजेश्री वडायला गेली, तर मी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे तिच्यापशी," मी म्हन्लं. "चटनी उद्या वाटता येती."