शिआनला रोटी कुस्करताना

वहिनी गेली आणि दादा शिआनमध्ये एकटा पडला. मी त्याच्या मागेच लागले, "शांघायला ये, माझ्याकडे राहा." फोनवर तो नुसता हूं हूं करायचा. शेवटी म्हणाला, "आधी बघतो तुझं शहर. तू मला परत सोडायला ये, शिआनला पोचलो की सांगीन काय ते."

मग काय, तो आला आणि मी कंबर कसली. जन्म शिआनचा असला तरी तीस वर्षं शांघायला काढलीत मी. नदीकाठी नेलं, तर पलीकडचे टोलेजंग मनोरे सोडून हा खाली वाकून पाणी बघत बसला. "गढूळ आहे गं." जुन्या बागेत नेलं, तर "गर्दी फार." जेवायला माझ्या लाडक्या खाणावळीत नेलं. सोया सॉसमध्ये मुरवलेलं, लालबुंद, चकाकणारं डुकराचं मांस मागवलं. त्यानं एक तुकडा कसाबसा खाल्ला आणि चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"मानमान, हे जेवण आहे की मिठाई? अर्धा डबा साखर ओतलीय."

"इथे असंच करतात, दादा."

"तरीच तुझा नवरा इतकं गोड गोड बोलतो."

माझा नवरा बिचारा हसला आणि त्यानं दादाला सूप वाढलं. ते मात्र दादानं वाडगा तोंडाला लावून संपवलं.

परतताना नानजिंगला उतरलो. तिथली जुनी तटबंदी बघून म्हणाला, "आमच्या तटावर सायकली चालतात." बदक मागवलं, तर "हाडंच हाडं." शेवयांच्या सुपातलं पाणी तेवढं प्यायला, शेवया तशाच. "लिबलिबीत आहेत." आता मात्र माझं डोकं फिरलं.

"जन्मभर गिरणीच्या कँटीनमध्ये जेवलास आणि आता हे नखरे? यायचं नसेल तर सरळ सांग ना!"

एकाला दोन ऐकवणारा माणूस, पण त्यानं सरळ उठून स्टेशनची वाट धरली. गाडीत मीही तोंड फुगवून खिडकीबाहेर बघत राहिले. हा काही येत नाही, असं मनाशी धरूनच चालले होते.

शिआनला उतरलो ते सरळ मशिदीमागच्या गल्लीत, पाओमोच्या दुकानात. लहानपणी हिवाळ्यात बाबा आम्हाला तिथे आणायचे. दारातच मटणाच्या रश्श्याचा वास आला आणि माझा निम्मा राग तिथेच उतरला. शांघायच्या माझ्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं काहीतरी कमी वाटायचं, ते हेच होतं.

पाओमो खायचं तर आधी हात चालवावे लागतात. रिकाम्या वाडग्यात दोन जाड, घट्ट रोट्या मिळतात. त्या ज्याच्या त्यानं कुस्करायच्या, सोयाबीनच्या दाण्याएवढ्या बारीक. मग वाडगा आत जातो आणि आचारी त्यात मटण-रस्सा घालून उकळून देतो. तुकडे मोठे दिसले की बाहेरगावचं गिऱ्हाईक म्हणून तो हातही आखडता घेतो. आमच्या वेळी बाबा स्वतः वाडगे तपासायचे. "हे काय, घोड्याला घालायचंय?" माझी बोटं इवलीशी, लगेच दुखायची. बाबांची नजर चुकवून दादा माझी रोटी आपल्याकडे ओढायचा आणि स्वतःची संपवून माझीही कुस्करून द्यायचा.

हे सगळं बडबडत मी कुस्करत होते. एकदम दादाच्या वाडग्याकडे लक्ष गेलं. दोन्ही रोट्या अख्ख्या. तो उजव्या हातानं रोटीची कड धरायचा आणि बोटं सुटायची. पुन्हा धरायचा, पुन्हा सुटायची. मी बघतेय हे कळताच त्यानं हात मांडीवर लपवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ती असल्यापासूनच. सकाळी उठलो तर हात बधिर. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. तुला कळवायचं नाही म्हणून तिला शपथ घातली होती. मग तीच भरवायची."

"आणि शांघायला, नानजिंगला..."

"तुझ्या नवऱ्यासमोर चॉपस्टिक्स पाडत बसू? त्यापेक्षा साखर जास्त झाली म्हणणं सोपं."

मला रडूच फुटलं. बदकाची हाडं, लिबलिबीत शेवया, सगळं एकदम समजलं आणि मी बोललेलंही आठवलं.

तेवढ्यात वाढणारी मुलगी आली. "आजोबा, यंत्रानं कापून देऊ का? हल्ली पुष्कळ लोक तसंच घेतात."

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. मी तिला नको म्हटलं आणि त्याचा वाडगा माझ्यापुढे ओढला.

"बारीक कर," दादा म्हणाला. "हे धोंडे बघून आचारी मला शांघायचा समजेल."

"गप्प बस रे."

कुस्करता कुस्करता माझी नखं दुखायला लागली. तो नुसता बघत होता. मग म्हणाला, "तुझ्या शांघायला पाओमो मिळतं का गं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं, पण दादापुढे ते कधी जमलंय?

"मिळतं. पण अगदीच भिकार. रस्सा म्हणजे नुसतं पाणी, आणि रोटी यंत्रानं कापलेली."

दादानं उजवा हात मांडीवरून उचलला आणि टेबलावर, माझ्या हाताशेजारी ठेवला.

"चालेल," तो म्हणाला.